घरी सांभाळणारी माणसं : नव्याण्णव

आमच्या ताई, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, रागावल्या की ओरडत नाहीत. उलट आवाज मऊ होतो. समोरच्याला वाटतं, चला, मिटलं एकदाचं. त्या मेल्याला काय माहीत, मिटलं नाही, आत्ता कुठे सुरू झालंय!

लहानपणी त्यांच्या काकांनी पाहुण्यांसमोर विचारलं होतं, पोरीला गणित शिकवून काय दिवे लावणार? पुढे प्रत्येक परीक्षेचा निकाल ताईंनी काकांना पोस्टाने पाठवला. सोबत पत्र नाही, नमस्कार नाही, नुसता निकाल. संख्याशास्त्रातली शेवटची पदवी मिळाली तेव्हा काका अंथरुणाला खिळले होते. तरी पाठवलाच. माझे यजमान हे सांगताना हसतात, कारण ताईंनी त्यांना आईच्या मागे लहानाचं मोठं केलं, आणि त्यांना ताईंचं सगळंच गोड लागतं. मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काटा आला होता. नंतर आवडायलाही लागलं. आपल्या घरात असं एक माणूस असलेलं बरं असतं हो, कुणी आपल्या वाट्याला जात नाही.

लग्न त्यांनी केलं नाही. घरातली मागची खोली त्यांची, आणि हॉस्पिटलातला आकडेवारी विभाग त्यांचा. मी त्याच हॉस्पिटलात नर्स. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून वॉर्डातून उठवून मला फोनच्या खोलीत बसवलं. काम सोपं. जे रुग्ण घरी गेले, त्यातले कोण महिन्याभरात पुन्हा आजारी पडून परत येतील, याचा अंदाज ताईंचं सॉफ्टवेअर बांधायचं. सगळ्यात जास्त धोका ज्यांना, त्यांची यादी रोज सकाळी माझ्या टेबलावर. मग मी एकेकाला फोन लावायचा: गोळ्या घेतल्या का, पाय सुजलेत का, दम लागतो का, वजन वाढलंय का. काही वेडंवाकडं वाटलं की लगेच बोलावून घ्यायचं. किती माणसं या फोनांनी वाचली असतील, देव जाणे.

ताईंचं सॉफ्टवेअर जुनं. त्यात ना रंग, ना चित्रं. पांढऱ्या खिडकीत एकेक आज्ञा ओळीत लिहायची, चालवायची, की खाली आकड्यांचे तक्ते. मी एकदा डोकावून बघितलं तर पहिलं पानभर नुसती साफसफाई. कुणी वजनाच्या रकान्यात उंची टाकलेली, कुणाचं वय दोनशे, कुणाचा जन्म पुढच्या वर्षीचा! ते सगळं निवडून बाहेर काढायचं, मगच खरं गणित. कुठलाही रकाना समोर आला की त्या आधी त्यातला सगळ्यात लहान आकडा बघायच्या आणि सगळ्यात मोठा. सरासरी मागाहून. हॉस्पिटलात त्यांना पाठीमागे ‘गाळणी’ म्हणायचे. त्यांना ते कळलं होतं, आणि मनातून आवडलंही होतं.

विभागाचे जुने प्रमुख निवृत्त व्हायला आले, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते, माझ्यामागे खुर्ची हिची. ताईंनी घरी येऊन दोनदा चहा केला त्या दिवशी. एरवी त्यांना चहाचं भांडं कुठे असतं तेही माहीत नाही.

आणि मग तो आला. बाहेरच्या कुठल्याशा कंपनीतून आणलेला, चाळिशीचा, बूट असे की त्यात तोंड बघावं. फोनच्या खोलीत आम्ही त्याचं नाव ठेवलं चकचकीत साहेब. आल्या आल्या ताईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसला, ताई ताई करत सगळं शिकून घेतलं. कुठला रकाना महत्त्वाचा, कुठला फसवा, सूत्र कसं बसवलं. ताईंनीही भरभरून सांगितलं. इतक्या वर्षांत इतक्या आस्थेनं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. दोन-तीन महिन्यांनी मोठ्या सभागृहात त्याचं भाषण झालं. पडद्यावर ताईंचं सूत्र, ताईंचे तक्ते, आणि खाली नाव याचं एकट्याचं. खुर्चीही त्यालाच मिळाली.

एवढ्यावर थांबला असता तरी एकवेळ ठीक. याने नवीन टूल आणलं. त्यात काही लिहावं लागत नाही. रंगीत चौकोन ओढून आणायचे, बाणांनी जोडायचे, की झालं डेटा मायनिंग, म्हणजे आकड्यांच्या ढिगातून अंदाज उपसणं. भरल्या विभागात तो म्हणाला, “ताई, तुमच्या त्या आज्ञा आता संग्रहालयात ठेवायला हव्यात. आणि सोबत तुम्हालाही, चुकून कुणाला चालवाव्या लागल्या तर!” सगळे हसले. काल आलेली पोरंसोरंही हसली. दुसऱ्या आठवड्यात ताईंची बदली तळघरात झाली, जुने कागदी फॉर्म टाइप करून घ्यायला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी घरी भांडी आदळली, यजमानांना म्हटलं, त्याच्या तोंडावर राजीनामा फेकायला सांगा. ताई मात्र मऊ आवाजात म्हणाल्या, “राहू दे गं. कामाचा माणूस आहे.”

तेव्हाच मी समजायला हवं होतं.

आता तो काय करून बसला होता, ते सांगते. मला स्वतःला हे फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं लक्षात येणार नाही.

वॉर्डात रुग्ण दाखल झाला की कॉम्प्युटरवर एक रकाना भरावा लागतो: घरी सांभाळणारी माणसं किती. एक, दोन, चार, जे असेल ते. पण माणूस बेशुद्ध आला, सोबत कुणी नाही, विचारायचं कुणाला? रकाना रिकामा ठेवला तर ते यंत्र पुढे जाऊ देत नाही. म्हणून फार पूर्वीपासून आमच्याकडे रीत पडलेली: माहीत नसेल तर नव्याण्णव टाका. मीही वॉर्डात असताना शेकड्यांनी टाकलेत. ताईंच्या त्या पहिल्या पानावर एक ओळ होती, की नव्याण्णव म्हणजे माणसं नव्हेत, नव्याण्णव म्हणजे माहीत नाही. आणि तिच्या खाली दुसरी ओळ, की ज्याचं माहीत नाही त्याला एकटा धरा आणि यादीत घ्या.

चकचकीत साहेबाने सूत्र उचललं, रकाने उचलले, आणि पहिलं पान जुनाट कचरा म्हणून सोडून दिलं. त्याच्या टूलला कोण सांगणार? त्याने नव्याण्णव वाचलं ते सरळ नव्याण्णव. ज्याच्या उशाशी एक माणूस नाही, त्याच्या घरी नव्याण्णव जण सेवेला हजर! अशाला कसला आलाय धोका? तो यादीच्या थेट तळाला. त्याला फोन नाही.

एकदा जेवताना मी सहज बोलून गेले. म्हटलं, “हल्ली माझं काम बाई फार हलकं झालंय. फोन लावला की उचललाच जातो. सून उचलते, मुलगा उचलतो, नातू उचलतो. पूर्वी ते एकटे म्हातारे असायचे ना, वाजतंय वाजतंय आणि कुणी घेत नाही, तसले कुणी येतच नाहीत यादीत.”

ताईंचा घास हातातच राहिला. “एकही नाही?”

“एकही नाही.”

“वॉर्डात नव्याण्णव टाकतात ना अजून?”

“टाकतात की. का हो?”

“काही नाही,” त्या म्हणाल्या, आणि हसल्या. इतका मऊ आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, चला, ताई सावरल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाईंचा नूरच पालटला. तळघरात गाणं गुणगुणायच्या. साहेब जिन्यात दिसला की स्वतःहून नमस्कार. एकदा मी डबा घेऊन खाली गेले, तर तो त्यांच्या टेबलापाशी उभा. जरा संकोचूनच विचारत होता, “ताई, तुमच्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीला त्या बऱ्याच ओळी आहेत. त्या नेमक्या कशासाठी हो? गाळल्या तर काही बिघडतं का?”

ताई म्हणाल्या, “छे हो साहेब. आमची आपली जुनी सवय. तुमच्या नव्या टूलला कशाला लागतात त्या?”

तो हसून, आभार मानून गेला. ताईंनी डबा उघडला आणि सगळा संपवला, माझ्यासाठी काही ठेवलं नाही.

विश्वस्त मंडळाची वार्षिक बैठक दोनेक महिन्यांनी होती. साहेबाला नवं टूल सगळ्या शाखांमध्ये लावायचं होतं, आणि त्याची मंजुरी तिथेच मिळणार होती. ताईंनी आपणहून अर्ज करून मागच्या रांगेत जागा मागितली. फोनच्या खोलीतर्फे मलाही बोलावलं होतं. ताईंनी इस्त्री केलेले कपडे घातले, केस तेल न लावता नीट बांधले, आणि निघताना आरशात बघत मला विचारलं, “बरी दिसतेय ना?” मी म्हटलं, “लग्नाला निघाल्यासारख्या.” त्या नुसत्या हसल्या.

साहेबाने पडदा रंगांनी भरून टाकला. गोल, खांब, बाण, नकाशे. म्हणाला, नव्या टूलमुळे उचलल्या जाणाऱ्या फोनांचं प्रमाण किती वाढलंय बघा. अध्यक्षबाई वयस्कर, कानाला यंत्र, पण नजर तल्लख. त्यांनी मान डोलावली. टाळ्या झाल्या. साहेब म्हणाला, कुणाला काही विचारायचंय?

ताई उठल्या. “साहेब, फक्त कुतूहल म्हणून. तुमच्या टूलच्या मते सगळ्यात सुरक्षित रुग्ण कोण? पहिलं नाव दाखवता का?”

तो खुश. दोनदा क्लिक केलं आणि नाव पडद्यावर आलं. मी ओळखलं ते. हॉस्पिटलच्या फाटकासमोर किल्ल्या घासून देणारे आजोबा! माझ्या कपाटाची किल्ली त्यांनीच करून दिली होती. एकटा जीव, दुकानाच्याच माळ्यावर राहणारा. हल्ली दुकानात दुसराच कुणी बसलेला दिसायचा; मी समजले, आजोबा वर आराम करत असतील.

“आणि यांच्या घरी सांभाळायला किती माणसं आहेत?” ताईंनी विचारलं.

साहेबाने रकाना उघडला. पडद्यावर हातभर मोठा आकडा आला. ९९.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग एक विश्वस्त फस्सकन हसले, म्हणाले, “घर आहे की वसतिगृह?” सगळी खोली हसायला लागली. मीसुद्धा. ताई थांबल्या, हसू विरेपर्यंत थांबल्या, आणि म्हणाल्या, “आता दुसरं नाव.” ९९. “तिसरं.” ९९. “खाली या साहेब, अजून खाली.” तो खाली खाली जात राहिला आणि आकडा हलेना. हसणं कधीच बंद पडलं होतं. अध्यक्षबाईंनी कानातलं यंत्र नीट केलं आणि विचारलं, म्हणजे ज्यांचं कुणी नाही त्यांना आपण फोनच करत नाही? साहेबाचं तोंड पांढरं फटक. ताईंनी मग दोन मिनिटांत सगळं समजावून सांगितलं, रकाना, रीत, ती सोडून दिलेली ओळ. मऊ आवाजात. शेवटी म्हणाल्या, “संग्रहालयातल्या माणसाला एवढंच सांगता येतं.”

जिरवली! अशी जिरवली की बस्स. मला तर उठून नाचावंसं वाटत होतं. त्याच बैठकीत टूल बंद करायचा ठराव झाला, साहेबाला दोन दिवसांत खुर्ची खाली करायला सांगितलं, आणि ताईंना ती दिली. घरी येताना ताई रस्त्यात थांबल्या आणि कारंज्याच्या कठड्यावर बसून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. “तोंड बघितलंस त्याचं? बघितलंस?” मी म्हटलं, “बघितलं ताई, बघितलं.” आम्ही दोघी मिळून हसलो. लोक वळून बघत होते.

दुसऱ्या दिवशी ताईंचा जुना प्रोग्रॅम पुन्हा चालला, आणि मधल्या काळात सुटलेल्या सगळ्यांची यादी माझ्या टेबलावर आली. भली मोठी. ताई स्वतः घेऊन आल्या, माझ्याशेजारी बसल्या. आज त्यांना सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मी पहिला नंबर लावला, किल्लीवाल्या आजोबांचा. बराच वेळ वाजला. मग एका बाईने उचलला.

“मी शेजारची. दुकान आता माझ्या भाच्याने घेतलंय,” ती म्हणाली. “आजोबा वारले हो. मागच्या महिन्यात. पाय टम्म सुजले होते, जिना उतरवेना. आम्ही म्हटलं हॉस्पिटलात चला, तर म्हणाले, काही असलं तर तिथून फोन येतो, गेल्या खेपेला रोज यायचा.”

मी फोन ठेवला. ताईंना सांगितलं, जसंच्या तसं.

ताईंनी यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “टूलने यांनाच सगळ्यात सुरक्षित धरलं होतं. घरीच गेले, हॉस्पिटलात परत आलेच नाहीत ना. टूलच्या हिशेबाने अंदाज बरोबर ठरला.”

दार वाजलं. चकचकीत साहेब. हातात खोका, त्यात त्याचा मग, चार्जर, एक झाडाची कुंडी. नोकरी सोडतानाच्या सह्या घ्यायला खोल्याखोल्यांतून फिरत होता. दारातून त्याने सगळं ऐकलं होतं. खोका तसाच धरून उभा राहिला.

“ताई,” तो म्हणाला, “तुम्हाला हे बैठकीतच सापडलं का?”

ताईंची मान ताठ झाली. “बैठकीत? मला कधीच कळलं होतं. हिने जेवताना सांगितलं त्याच दिवशी.”

“मी तळघरात आलो होतो,” तो म्हणाला. “मी विचारलं होतं तुम्हाला.”

ताई यादीची पानं जुळवायला लागल्या.

“मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला. ओरडला नाही, काही नाही. माझ्या टेबलावर कागद ठेवला, मी सही केली, तो गेला. कुंडीतली माती थोडी जमिनीवर सांडली होती.

मी हिशेब लावला मनातल्या मनात. ते जेवण झालं तेव्हा आजोबा फाटकासमोर किल्ल्या घासत बसलेले मी रोज बघत होते. एक फोन. एकच फोन लागत होता. तो मी केला असता, मला कुणी सांगितलं असतं तर.

“चूक त्याची होती,” ताई म्हणाल्या.

“चूक त्याची होती,” मी म्हटलं. “गप्प तुम्ही बसलात.”

“तुला कळत नाही. त्याने माझं आयुष्य...”

“त्या म्हाताऱ्याने काय घेतलं होतं तुमचं?”

मी यादी त्यांच्यासमोर सरकवली, फोनही सरकवला. म्हटलं, “आता तुम्ही लावा. ही सगळी तुमची माणसं.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. या घरात आल्यापासून मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. काल ज्या तोंडाबद्दल आम्ही इतक्या हसलो, तसलं तोंड आता माझ्यासमोर होतं, आणि खरं सांगते, मला ते बघायचं होतं. पुरेपूर बघायचं होतं.

त्यांनी दुसरा नंबर फिरवला. लगेच उचलला गेला, जणू कुणी फोनवर हात ठेवूनच बसलं होतं. म्हाताऱ्या बाईचा आवाज, एवढा मोठा की मलाही ऐकू येत होता.

“कोण?”

“हॉस्पिटलमधून बोलतेय,” ताई म्हणाल्या. “तुमची तब्येत कशी आहे? दम लागतो का?”

“लागतो की गं बाई. बसल्या जागी लागतो. झोपता येत नाही आडवं. पण तुमच्याकडून फोनच येईना, तेव्हा मला वाटलं, यांच्या कागदात मी बरी झाले असेन. बरी आहे ना मी? काय लिहिलंय तिकडे?”

ताईंनी रिसीव्हर कानापासून काढला आणि माझ्यापुढे धरला. मी दुसऱ्या फोनवरून गाडी पाठवायला सांगितली, पत्ता दिला. मग हात मांडीवर ठेवले.

“सांगा ना ताई,” मी म्हटलं. “विचारताहेत त्या.”